प्रौढपणीचे सख्य आणि स्वतःचे शहर

पाणिनीच्या व्याकरणात ‘साप्तपदीन’ असा एक शब्द सिद्ध केलेला असून त्याचा अर्थ सख्य असा दिला आहे. सात पदांनी जे प्राप्त होते ते साप्तपदीन. यातील ‘पद’ म्हणजे पाऊल समजावे की शब्द समजावा, याविषयी दोन मते संभवतात. एका अर्थाने सात पावले बरोबर चालल्यावर, तर दुसऱ्या अर्थाने सात शब्द परस्परांशी बोलल्यावर, माणसे एकमेकांचे सखे होतात. विवाहविधीतील सप्तपदीशी या कल्पनेचे नाते उघडच आहे. आजच्या नगरवासी माणसाला सात ही संख्या फारच आशावादी वाटेल. तथापि या व्युत्पत्तीत एक मार्मिक निरीक्षण दडलेले आहे. गुणांची पारख, मनाचा निश्चय, स्वभावांचा मेळ यांचा तीत उल्लेखही नसून बरोबर चालणे ही एक बाह्य व मोजता येण्याजोगी क्रिया तेवढी सांगितलेली आहे. प्रौढ वयात, आणि तेही स्वतःच्याच शहरात, नवी मैत्री कशी जुळते अथवा का जुळत नाही, या प्रश्नाचा विचार करताना हीच दृष्टी अधिक उपयोगी पडते.

हा प्रश्न क्षुल्लक मानता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणाची बाधा आहे, आणि तीत तरुणांचे प्रमाणही थोडे नाही. ब्रिटनने २०१८ साली व जपानने २०२१ साली या विषयाकडे पाहण्यासाठी मंत्री नेमले. आपल्याकडे मात्र एकाकीपणाची चर्चा बहुधा दोन टोकांनाच होते. एका टोकाला वृद्ध माणूस असतो आणि दुसऱ्या टोकाला शिक्षणासाठी परगावी गेलेला विद्यार्थी. या दोहोंच्या मध्ये जो चाळिशीचा गृहस्थ अथवा गृहिणी आहे, ज्याला घर आहे, नोकरी आहे, नातेवाईक आहेत, आणि ज्याचा जन्मही याच शहरात झालेला आहे, त्याच्याविषयी कोणी विचारीत नाही. त्याचे सर्व काही यथास्थित आहे असे धरून चालण्याचा प्रघात आहे. तो स्वतःही तसेच धरून चालतो.

प्रथम जुने मित्र कोठे जातात ते पाहावयास हवे. त्यांचे भांडण होत नाही, कोणी कोणाचा विश्वासघात केलेला नसतो. गिरगाव, दादर, लालबाग येथील एका शाळेत एका बाकावर बसलेली मुले पस्तिशीपर्यंत डोंबिवली, विरार, पनवेल अशी पांगतात, काही पुण्यास जातात, काही अमेरिकेस. ज्यांनी शहर सोडले नाही त्यांचीही भेट दुर्मीळ होते, कारण मुंबईत एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाऊन तासभर बसून परत यावयाचे म्हटले की रविवार संपतो. नेदरलँड्समधील समाजशास्त्रज्ञ गेराल्ड मोलेनहोर्स्ट यांनी एकाच समूहाची सात वर्षांच्या अंतराने दोनदा पाहणी केली. त्यांना असे आढळले की माणसाच्या निकटच्या परिवाराचा आकार साधारण तेवढाच राहतो, परंतु त्यातील जवळजवळ अर्धी माणसे बदललेली असतात. म्हणजे मैत्रीचा क्षय ही अपवादात्मक आपत्ती नसून नित्याची झीज आहे. ती भरून निघत राहिली तर कळतही नाही. प्रश्न उद्भवतो तो भरणा थांबल्यावर.

हा भरणा कोणाच्या बाबतीत थांबतो, हे पाहू गेल्यास एक विसंगती दृष्टीस पडते. शहरात नव्याने आलेल्या माणसाची स्थिती अनेक अंगांनी हलाखीची असते. पण मैत्रीच्या बाबतीत त्याच्यापाशी एक भांडवल असते, ते म्हणजे त्याचे नवखेपण. त्याला रस्ता विचारता येतो, खानावळ विचारता येते, सुटीच्या दिवशी कोणाबरोबर तरी जाऊ का असेही विचारता येते. गिरणगावाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. कोकणातून व घाटावरून आलेले गिरणी कामगार एका गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत राहत, पाळ्यांप्रमाणे आलटून पालटून निजत, एकाच खानावळवाल्या बाईकडे जेवत. गावोगावची मुंबईकर मंडळे गणपती, होळी आणि गावच्या देवळाचा जीर्णोद्धार यांसाठी वर्गणी गोळा करीत, आणि त्या निमित्ताने माणसे महिन्यातून एकदा तरी एकत्र बसत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तरी या मंडळांपैकी कित्येक आजही चालू आहेत. परका माणूस शहरात येताना आपल्या मैत्रीची अर्धी तजवीज बरोबर घेऊन येत असे, असे म्हणावयास हरकत नाही.

याउलट जो शहरातच वाढला त्याला अशी सोय नाही. जन्म येथे गेला आणि मित्र नाही असे सांगणे त्याला लाजिरवाणे वाटते. इतरांना वाटते की याचे येथे गणगोत भरपूर असणार, त्यात आपण कोठे शिरावे. पुण्यात नव्याने आलेल्या माणसाची जुनी तक्रार अशी की पुणेकर ओळख देतो पण घरात घेत नाही; परंतु घरात न घेणारा तो पुणेकर स्वतः किती घरांत जातो, हे सहसा कोणी विचारीत नाही. त्याच्या दूरध्वनीत दोनशे नावे असतात, शाळेच्या वर्गमित्रांचा व्हॉट्सअ‍ॅपवरील समूह असतो, त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा नियमाने येतात. नाती आहेत असे दिसते; सोबत नाही. आणि जागा भरलेली दिसत असल्यामुळे नवा माणूस तेथे येऊन बसत नाही.

शहर आणि मैत्री यांचा संबंध हा समाजशास्त्राचा जुना विषय आहे. गेऑर्ग झिमेल याने १९०३ मध्ये महानगरातील मनोवृत्तीचे जे विवेचन केले, त्यात नगरवासी माणसाचा अलिप्तपणा हा एक प्रकारचा स्वसंरक्षणाचा उपाय ठरविला होता. १९३८ मध्ये लुई वर्थ याने नागरी जीवनाचे लक्षण सांगताना संबंधांचा वरवरपणा व क्षणिकता यांवर भर दिला. या विवेचनाचा प्रभाव फार काळ टिकला. पुढे १९८२ मध्ये क्लॉड फिशर याने उत्तर कॅलिफोर्नियातील हजाराहून अधिक माणसांच्या मुलाखतींच्या आधारे असे दाखविले की मोठ्या शहरातील माणूस मित्रांच्या बाबतीत लहान गावातील माणसाहून दरिद्री नसतो. त्याचे मित्र नातलग व शेजारी यांच्याबाहेरचे आणि समान आवडीचे असतात, एवढाच भेद. शहर मैत्री मारते ही समजूत म्हणूनच जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. शहर मैत्रीची जागा बदलते. ती जागा कोठे गेली हे ज्याला कळत नाही त्याची पंचाईत होते.

जागेच्या प्रश्नाचा सर्वांत स्पष्ट अभ्यास १९५० सालचा आहे. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर व कर्ट बॅक यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोण कोणाचा मित्र झाला याची नोंद केली. कुटुंबांना घरे ओळीने दिली गेली होती, निवडीला वाव नव्हता. तरीही लगतच्या दारातील माणसे मित्र होण्याचा संभव सर्वाधिक, आणि दोनचार दारे पलीकडे गेले की तो झपाट्याने कमी, असे आढळले. जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्या तळमजल्यावरील कुटुंबांना वरच्या मजल्यावरचे मित्र अधिक होते. जिन्याच्या तोंडाशी राहणे हा काही स्वभावाचा गुण नव्हे.

मराठी वाचकाला हे सांगण्यासाठी मॅसॅच्युसेट्सपर्यंत जाण्याचे कारण नाही, चाळीचे उदाहरण पुरेसे आहे. मुंबईतील बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या काही वर्षांत बांधल्या गेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे मिळून अशा २०७ इमारती होत्या. सुमारे १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामायिक शौचकूप, आणि मधल्या बोळात दिवसभर उघडी दारे. गिरगावातील चाळींना बोळाऐवजी सज्जा होता. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला. त्यासाठी माणसे घराघरांतून बोलावून आणावी लागली नसावीत, ती सज्ज्यात उभीच होती. परंतु या व्यवस्थेचे गोडवे गाताना हात आखडता घेणे बरे. नळावरची पहाटेची रांग स्त्रियांच्या वाट्याला येई. भिंतीपलीकडचे भांडण सर्वांना ऐकू येई, आणि कोणाच्या घरी कोण आले याची नोंद शेजारी ठेवीत. पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हाच चाळ ही हसून आणि थोडे हळहळून आठवण्याची वस्तू होऊ लागली होती. बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास आता चालू असून वरळीतील पहिल्या काही शे रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पाणी आता घरातल्या नळाला येते. जुन्या नळावर परत जावे असे त्या घरातील कोणतीही स्त्री म्हणणार नाही, आणि ते योग्यच आहे. तथापि नळावर जाण्याबरोबर नळावर भेटणेही संपले, ही वस्तुस्थिती उरते. आठव्या मजल्यावरून खाली येताना उद्वाहकात जो वेळ जातो त्यात सात शब्द होतील कदाचित. पण माणसे दरवाजावरच्या आकड्यांकडे पाहत उभी राहतात.

नळ, जिना, सज्जा यांत समान असे काय होते? भेट वारंवार होई, ती ठरवावी लागत नसे, आणि तिला दुसरेच काही कारण असे. यातील तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मराठीत तिला ‘सबब’ असा नेमका शब्द आहे. हा शब्द आज आपण टाळाटाळीच्या अर्थाने वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ कारण एवढाच आहे. मुलांना मैत्रीसाठी सबब लागत नाही. एक मूल दुसऱ्याला ‘खेळायला येतोस का’ असे सरळ विचारते. प्रौढ माणूस ‘माझा मित्र होतोस का’ असे विचारू शकत नाही, कारण नकार आला तर तो नकार त्याच्या सबंध व्यक्तित्वाला आलेला असतो. सबब असली म्हणजे नकाराची धार बोथट होते. भजनाला न येणारा माणूस भजनाला आलेला नसतो, एवढेच. त्याने कोणाला नाकारलेले नसते.

ही भीती बऱ्याच अंशी अनाठायी असते, याला प्रयोगांचा आधार आहे. निकोलस एप्ली व ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात शिकागो परिसरातील आगगाडीच्या प्रवाशांपैकी काहींना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलण्यास व काहींना गप्प बसण्यास सांगितले. बोलणे अप्रिय होईल असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास अधिक सुखाचा झाला. २०१८ मधील दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की नवी ओळख झाल्यावर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज माणसे नेहमी कमीच करतात. दोघेही आपापल्या घरी जाऊन ‘आपण उगाच फार बोललो’ असे मनाशी म्हणत असतात. हे संशोधन अमेरिकेतील आहे. मराठी मध्यमवर्गाच्या भिडस्तपणाची मोजणी झालीच तर आकडा त्याहून लहान येईल असे मानण्यास आधार नाही.

पुनरावृत्तीचेही गणित मांडता येते. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की नुसत्या ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत होण्यास सुमारे ५० तास, मित्र म्हणता येण्यास सुमारे ९० तास, आणि जिवलग होण्यास २०० तासांहून अधिक सहवास लागतो. एकत्र काम केल्याचे तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत. मोकळ्या वेळाचे तास मोजले जातात. आता महिन्यातून एकदा दोन तास भेटण्याचा नेम असलेले दोघे घेतले, तर त्यांचे ५० तास पुरे होण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागेल आणि २०० तासांना आठ वर्षे. परंतु ठाण्यापलीकडून रोज एकाच गाडीने ७० मिनिटे एकत्र प्रवास करणाऱ्यांचे ५० तास सुमारे दोन महिन्यांत होतात, २०० तास आठ महिन्यांच्या आत. परतीचा प्रवास यात धरलेला नाही. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील मैत्रीचे रहस्य बरेचसे या त्रैराशिकात आहे.

हॉल यांच्या पाहणीतील एक बाब मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांनी ज्यांची माहिती घेतली ती प्रौढ माणसे नुकतीच नव्या ठिकाणी राहावयास गेलेली होती, आणि दुसरा गट महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचा होता. संशोधकालाही नवी मैत्री पाहावयाची झाल्यास नवख्या माणसाकडे जावे लागते. आपल्याच शहरात नवा मित्र शोधणारा माणूस या पाहणीत आलाच नाही.

गाडीतील गटांविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण स्वतःच्या शहरातील माणसाला प्रौढपणी नवे मित्र मिळवून देणारी मुंबईतील ही फार मोठी व्यवस्था आहे, आणि ती कोणी मुद्दाम स्थापन केलेली नाही. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेले दार. जागा धरून ठेवणे, अर्ध्या वाटेवर उठून उभ्या असलेल्याला बसावयास देणे, टाळ काढून भजन म्हणणे, दसऱ्याच्या सुमारास डब्याला तोरण बांधून पूजा करणे. स्त्रियांच्या डब्यात भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होते, डोहाळजेवणही होते. या गटांना दुसरी बाजूही आहे. जागा अडविणे, नव्या प्रवाशाला दमदाटी करणे याच्या तक्रारी नेहमी होतात, आणि त्या खऱ्या असतात. गट आपल्या माणसाला जितका प्रेमळ तितका परक्याला कठोर असतो. तथापि त्यात शिरण्याची वाटही ठरलेली आहे. पंधरवडाभर त्याच दाराशी मुकाट्याने उभे राहावे. सोळाव्या दिवशी कोणीतरी विचारते की काल दिसला नाहीत.

‘दिसला नाहीत’ हे क्रियापद आदरार्थी आहे, आणि येथे मराठी भाषेतील एक अडचण समोर येते. बालपणीचा मित्र अरे-तुरेचा असतो. तिशीनंतर भेटलेला माणूस ‘कुलकर्णीसाहेब’, ‘पाटीलसाहेब’ म्हणून भेटतो आणि कित्येकदा तसाच राहतो. वीस वर्षे एकत्र फिरावयास जाणारे दोन गृहस्थ एकमेकांना अहो-जाहो करीत असलेले पाहावयास मिळतात. त्यांच्या स्नेहात त्यामुळे उणीव असते असे नाही. पण रागावण्याचा, थट्टेचा, उसने मागण्याचा जो अधिकार एकेरी नावाबरोबर येतो, तो ‘अहो’च्या उंबऱ्याशी थांबतो. कोल्हापुराकडे अनोळखी समवयस्काला सहज ‘भावा’ अशी हाक जाते आणि उंबरा पहिल्याच दिवशी ओलांडला जातो. पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा वर्गात तो कोणी ओलांडावा हे ठरत नाही. ज्येष्ठाने ‘अहो म्हणू नका’ असे म्हणावे आणि कनिष्ठाने तरीही संकोचावे, असे वर्षानुवर्षे चालते. आईवडील गेल्यानंतर आणि शाळूसोबती पांगल्यानंतर एखाद्या माणसाला एकेरी नावाने हाक मारणारे आपल्या शहरात कोणीही उरत नाही, असे होऊ शकते. एकाकीपणाचे याहून नेमके माप क्वचित सापडेल.

स्त्रियांच्या बाबतीत नावाची अडचण निराळी आहे. त्यांना आप्तवाचक संबोधन फार लवकर मिळते. इमारतीतील मुले काकू म्हणतात, पुरुष वहिनी म्हणतात, शाळेच्या दाराशी ‘अमक्याची आई’ हीच ओळख होते. या संबोधनांत आपुलकी आहे, पण ती आपुलकी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मार्फत आलेली असते. ‘घरोबा’ हा सुंदर मराठी शब्द याच व्यवस्थेतला. मैत्री दोन घरांची होते, दोन व्यक्तींची नव्हे. त्यामुळे मुलगा शाळेतून बाहेर पडला की शाळेच्या दाराशी जमलेल्या आयांचे मंडळही विरून जाते, आणि दहा वर्षे रोज भेटलेल्या बायकांना एकमेकींची माहेरची नावे ठाऊक नसतात. शिवाय स्त्रीच्या सबबीला एक जादा अट असते. ती घरी सांगता आली पाहिजे. भजनी मंडळ, हळदीकुंकू आणि भिशी यांचे यश येथे आहे. ‘मैत्रिणींशी बोलावयास जाते’ हे कारण ज्या घरात टिकत नाही, तेथे ‘भिशी आहे’ हे टिकते, कारण त्यात पैशाचा व्यवहार आहे आणि व्यवहार चुकवून चालत नाही. दर महिन्यास ठराविक रक्कम जमा करून एकीला देणे हा बँकेच्या दृष्टीने अगदी किरकोळ उद्योग ठरेल. बारा जणींची भिशी बारा महिने चालली म्हणजे प्रत्येकीच्या घरी एकदा सर्वजणी जाऊन येतात, हे तिचे खरे व्याज.

सर्वच सबबी सारख्या फलदायी नसतात. पुण्यातील वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केली. तिच्या श्रोत्यांत वर्षानुवर्षे नेमाने येणारी माणसे आहेत, तरीही शेजारच्या खुर्चीवरील माणसाचे नाव ठाऊक नसणे सहज शक्य आहे. व्याख्यानाला, नाटकाला व गाण्याला माणसे एका दिशेला तोंड करून बसतात आणि संपले की घरी जातात. तेथे आवड समान असते, सहवास नसतो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज सकाळी चढणारे किंवा वेताळ टेकडीवर जाणारे मात्र एकमेकांना ओळखू लागतात, कारण चढताना दम खाण्यासाठी थांबावे लागते आणि उतरल्यावर चहा घेतला जातो. सबब जितकी थोडी लक्ष वेधणारी, तितकी बोलण्याला जागा अधिक. दादरच्या शिवाजी पार्कभोवतीचा सव्वा किलोमीटरच्या आसपासचा कट्टा या कसोटीवर आदर्श आहे. तेथे बसण्याला काही मूल्य पडत नाही, कोणी उठवीत नाही, आणि न बोलता बसले तरी विचित्र दिसत नाही.

१३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतील लोखंडवाला वसाहतीच्या बागेत पाच माणसांसह पहिला हास्यक्लब सुरू केला. बागेत उभे राहून कारणावाचून मोठ्याने हसणे हे बाहेरून पाहणाऱ्याला हास्यास्पद वाटते, आणि त्याचा आरोग्याला किती लाभ होतो हा वैद्यकाचा प्रश्न आहे. समाजशास्त्राच्या दृष्टीने पाहता त्यात एक युक्ती आहे. ज्यांच्यासमोर आपण एकदा हास्यास्पद झालो, त्यांच्यासमोर प्रतिष्ठा जपण्याचे कारण उरत नाही. हीच गोष्ट पुण्यातील ढोल-ताशा पथकांची. गणेशोत्सवाआधी सुमारे दोन महिने संध्याकाळी नदीकाठी सराव चालतो. नोकरी करणारे स्त्रीपुरुष तेथे येऊन विशीतील मुलांकडून ताल शिकतात, हाताला फोड येतात, चुकल्यावर सर्वांसमोर बोलणी खावी लागतात. कार्यालयात ज्याला साहेब म्हणतात तो येथे नवशिका असतो. नगरवासी माणसाला आपल्याच शहरात पुन्हा नवखे होता येईल अशी ही जागा आहे, आणि वाद्याच्या गोंगाटात बोलता येत नसूनही तेथे मैत्री जुळते याचे कारण बहुधा हेच.

येथे एका गोष्टीकडे डोळेझाक करून चालणार नाही. सबब कोणाला उपलब्ध आहे, हा प्रश्न जातीचा, धर्माचा व उत्पन्नाचाही आहे. ज्ञातिमंडळ, विशिष्ट सोसायटी, वर्गणी मोठी असलेली जिमखान्यासारखी संस्था यांत पुनरावृत्ती भरपूर असते. पण तेथे भेटणारी माणसे आधीच निवडलेली असतात. आडनाव विचारून घर भाड्याने देणाऱ्या शहरात समान आवडीची मैत्री ही पुष्कळदा समान आडनावांची मैत्री ठरते. सार्वजनिक ग्रंथालये, बागा, टेकड्या आणि दुसऱ्या वर्गाचा डबा यांचे महत्त्व त्यामुळे अधिक आहे. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. वृत्तपत्र वाचावयास रोज येणाऱ्या माणसाला तेथे कोणी जात विचारीत नाही. मात्र वाचनालयात शांतता राखावी लागते, आणि वाचून झाल्यावर बसावयास पायरीशिवाय जागा नसते. नव्या वसाहतींच्या आराखड्यांत वाहने उभी करण्यासाठी जागा राखलेली असते. विनामूल्य बसता येईल असा कट्टा मात्र वाटेत येतो म्हणून काढला जातो किंवा त्यावर खिळे ठोकले जातात.

सबब संपल्यावर काय उरते, हा या विषयातील कठीण भाग आहे. अनंत चतुर्दशीनंतर पथकाचा सराव थांबतो. नोकरी बदलली की गाडी बदलते. भिशीतील एकीचे घर दूर जाते. बहुसंख्य ओळखी येथे गळतात, आणि त्यात खेद मानण्याचे कारण नाही, कारण मार्क ग्रॅनोव्हेटर याने १९७३ मध्ये दाखविल्याप्रमाणे अशा सैल ओळखीही माणसाच्या फार उपयोगी पडतात, विशेषतः नोकरी शोधताना. पण काही थोड्या ओळखी सबबीवाचून उभ्या राहू लागतात. त्याचे एक बाह्य लक्षण असे की माणूस सबबीच्या वेळेबाहेर येतो. पावसामुळे टेकडी बंद असली तरी टेकडीवरचा सोबती चहाच्या दुकानात सापडतो. रुग्णालयात भेटावयास आलेल्यांत एक गृहस्थ असा असतो की ज्याला घरच्यांपैकी कोणी ओळखत नाही, आणि तो आपली ओळख ‘गाडीतला’ एवढीच करून देतो. आठ-बावन्नच्या गाडीतील गटातले कोणी सेवानिवृत्त झाले की निरोपाचा पेढा डब्यातच वाटला जातो. त्यानंतरही काही निवृत्त माणसे पास काढतात. त्यांना कोठे जावयाचे नसते. ती गटाबरोबर दादरपर्यंत जातात, फलाटावर उतरतात आणि समोरच्या रिकाम्या गाडीने परत येतात.